खटक्यावरची पिशवी

सुनीता, ये इकडे, अशी मामीजवळ बस. समोर नाहीस म्हणून काय झालं, कागदावर बसवते तुला. आणि आधी तो हात ओढणीखालून बाहेर काढ बघू. परवा तुझी आई उमरेडहून आली होती, तिनं सगळं सांगितलं. पोरगी चारचौघांत जेवायला बसत नाही म्हणे. आणि कंपनीतली ती तुझी मैत्रीण, दोन बस बदलून तुला भेटायला आली, तर तू आतूनच "झोपली आहे म्हणून सांगा" म्हणालीस. तिनं आणलेली सीताफळं शेजारी वाटून टाकलीस. काहून वं? विष होतं का त्यात?

रागावू नको. रागवायचं काम मी करते आहे, तेवढं पुरे.

तुझ्या डोक्यात काय चालू आहे ते मला ठाऊक आहे. मशीनची साखळी बदलताना तुझा हात आत होता, मग मशीन सुरू कोणी केली? या मैत्रिणीनंच तर नाही? आणि हिनं नाही, तर ही एवढी सारखी येते कशाला? माझा हात गेला तेव्हा माझ्याही डोक्यात हेच तीन महिने दळत होतं. म्हणून लिहायला बसले. तुझ्यासाठी, आणि ज्या बाया कुठंकुठं हात झाकून बसल्या असतील त्यांच्यासाठीही. शाळा मी पाहिली नाही. अक्षरं बिस्किटांच्या खोक्यांवरून शिकले, तीही उजव्या हातानं, आणि हे लिहिते आहे डाव्यानं. ओळी वाकड्या आल्या तर सरळ करून वाच.

बारीक हात

हिंगण्याच्या बिस्किटांच्या कारखान्यात मी लागले तेव्हा तिकडे कारखान्यांपेक्षा शेतंच जास्त होती. कंपनीची बस सोडायची, तिथून धुळीतून चालत जायचं. माझं काम कणीक लाटायच्या मशीनवर. दोन जाड लोखंडी रूळ, एकावर एक. मधून कणीक जायची आणि पातळ पट्टा होऊन बाहेर यायची. पाळी संपली की रुळाच्या कडेला कणीक सुकून दगड व्हायची. ती खरवडून, ओल्या फडक्यानं पुसून काढायचं काम बायांचं. मिस्त्री म्हणायचा, "बायाईचे हात बारीक राहतात, आतपर्यंत जातात." आम्हाला तेव्हा ते कौतुकच वाटायचं.

आता नीट ऐक, सगळं याच्यावर आहे. मशीन चालूबंद करायचा खटका भिंतीवर होता, दहा पावलांवर. तिथून रुळामागं बसलेली बाई दिसत नसे. म्हणून आम्ही बायांनीच एक रीत पाडली होती. जिचा हात आत, तिची डब्याची पिशवी खटक्याला. पिशवी लटकते आहे तोवर खटक्याला कोणी हात लावायचा नाही, मालक आला तरी नाही. माझी पिशवी जुन्या हिरव्या लुगड्याची, वत्सलाची खाकी.

वत्सला म्हणजे त्याच मशीनवर समोरच्या बाजूला उभी राहणारी. हिंगण्याजवळच्या खेड्यातली कुणब्याची बाई, आवाज असा की भट्टीपाशी बोलली तर फाटकापर्यंत ऐकू यावं. सहा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. तिच्या घरी हे कितपत ठाऊक होतं ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

खंडेनवमी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात मशीनची पूजा असे. दुपारून काम बंद. मशीन धुऊनपुसून लख्ख करायची, मग हार, हळदीकुंकू, आरती, नारळ. आणि नारळ फुटला की मुहूर्त म्हणून मशीन एकदा फिरवायची. आपल्या घरी ही पूजा नाही, तुला सांगायला नको. पण मशीन पुसण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. रोज जिच्यावर काम करतो तिला पुसायला काय हरकत? पुसून झालं की मी बाजूला उभी राहायची.

त्या दिवशी मात्र मला घाई होती. तुझी आई तुला घेऊन दुपारच्या एसटीनं यायची होती. दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमीवर जायचं, घरात पंधरावीस माणूस, कणकेचा घमेलाभर गोळा मळायचा. तू पाच वर्षांची होतीस. पांढराच फ्रॉक पाहिजे म्हणून घर डोक्यावर घेतलं होतंस म्हणे.

मी खटक्याला पिशवी लावली. मागं जाऊन बसले. बाकीची मंडळी पलीकडं पूजेची तयारी करत होती, मालकाची आई आली होती, तिच्यासाठी खुर्ची आणा, ताट आणा, असं चाललं होतं. घंटी वाजू लागली. आरती सुरू झाली. मला वाटलं, शेजारच्या मशीनपासून सुरुवात करतील, तेवढ्यात माझं होईल. नारळ फुटल्याचा आवाज आला.

मग रूळ हलला.

दुखलं नाही. सगळे विचारतात म्हणून सांगते, आधी दुखलंच नाही. फडकं ओढलं गेलं आणि फडक्याबरोबर मी. कोणीतरी ओरडत होतं, ती मीच होते हे मागाहून कळलं. मशीन थांबली, दोघा गड्यांनी रूळ हातानं उलटा फिरवला. आणि त्या गोंधळात, सुनीता, माझी नजर कुठं गेली असेल? हाताकडं नाही, खटक्याकडं. तिथं झेंडूचा हार होता. पिशवी नव्हती. आणि खटक्याशेजारी वत्सला उभी होती, तोंड उघडं, हातात माझी हिरवी पिशवी.

तेवढं पाहिलं आणि मी आडवी झाले.

पट्टी सोडली तो दिवस

कामगारांच्या दवाखान्यात बायांच्या वॉर्डात शेवटून दुसरी खाट माझी. डॉक्टर तरुण होता. पट्टी सोडायच्या आधी म्हणाला, "बाई, तिकडं खिडकीकडं पहा."

मी म्हटलं, "माहा हात आहे, मीच पाहीन."

पाहिलं. अंगठ्याजवळचं बोट नव्हतं, मधलं नव्हतं. त्याच्या पलीकडचं होतं, पण पाय मुडपून बसलेल्या माणसासारखं. अंगठा आणि करंगळी जागेवर. मी विचारलं, "कणीक मळता येईल?" डॉक्टर म्हणाला, "डाव्या हातानं सगळं येतं." त्यानं कणीक कधी मळली नसावी. डाव्यानं मळायला गेलं की परात फिरते, तिला धरायला दुसरा हात लागतो.

तुझी आई सांगते की तू अजून पट्टी सोडताना डोळे मिटून घेतेस. मिटू नको. एकदा पाहून घेतलं की मग तेवढाच असतो तो हात. न पाहिलेला हात रोज वाढत जातो.

सकाळी चहा यायचा आणि चहाबरोबर दोन बिस्किटं. गोल, कडेला नक्षी. मी ओळखली, आमच्याच रुळातून निघालेली. मी ती बाजूला सारली. शेजारच्या खाटेवर मोडक्या कमरेची एक म्हातारी होती, ती म्हणाली, "तू खात नाई त मले दे वं. बिस्किटानं माहं काय वाकडं केलं?" पुढं दीड महिना माझी बिस्किटं तिनं खाल्ली. सिस्टर दर दोन दिवसांनी माझी वेणी घालून द्यायची, तिच्या कामात ते नव्हतं तरी. अशा गोष्टी तेव्हा दिसत नाहीत. मला तर वाटायचं, ही एवढी गोड बोलते म्हणजे आणखी एखादं बोट काढायचं ठरलं असणार.

सगळ्यांवर नजर

हसू नको. मला सगळ्यांचाच संशय यायचा. डॉक्टर कागदावर काय लिहितो, तुझे मामा व्हरांड्यात कोणाशी बोलतात, मिस्त्री एकदाच आला आणि पेरू ठेवून गेला, तो माझ्या डोळ्यांत पाहून का बोलला नाही.

आणि वत्सला. वत्सला रोज यायची. पाळी सुटली की बस पकडून, डबा घेऊन. वरणभात कालवून मला घास भरवायची. एरवी तोंडाचा पट्टा कधी न थांबणारी ही बाई, दवाखान्यात मात्र "खा", "पानी देऊ?" याच्यापुढं बोलत नव्हती. मी तोंड उघडायची आणि मनात म्हणायची, ही एवढं काहून करून राहिली? माझी हिरवी पिशवी तिच्याकडंच होती, डबा रोज आणायची, पण खाकी पिशवीतून. माझी पिशवी तिनं परत आणली नाही. हे मी रोज पाहत होते.

सासूबाईंनी त्यात तेल ओतलं. "नातं ना गोतं, रोज येते. काहून येते? विचार न तिले."

मी विचारलं नाही. इथंच चुकलं माझं, सुनीता. विचारलं नाही, नुसती साठवत राहिले.

मग एक दिवस ऑफिसातला कारकून आला. टाइप केलेला कागद, शाईचा डबा. "सही करा बाई, म्हणजे बरं झाल्यावर हलकं काम देता येईल."

"वाचू द्या."

"तुम्हाला वाचता येतं?"

"खोक्यावरचं येते."

तो थांबला, काय करणार. मी बोट लावून लावून वाचत गेले. एक अक्षर, मग दुसरं. अर्ध्या कागदावर आले तेव्हा ते वाक्य सापडलं. चालू मशीनमध्ये, सूचना नसताना, स्वतःहून हात घातला. मी दोनदा वाचलं. चालू. मशीन चालू नव्हती, पिशवी लागली होती. मी कागद परत दिला.

"सही नसेल तर अंगठा चालेल," तो म्हणाला. उजव्या हाताचा तो आणि करंगळी, एवढंच तर धड उरलं होतं, आणि त्याच्यावर यांचा डोळा!

तो गेल्यावर तुझे मामा हळूच म्हणाले, "लावून टाकायचा होता. उद्या कामावरून काढून टाकतीन, मंग?"

मी म्हटलं, "तुम्ही कोनाच्या बाजूनं हाव?"

ते उठून गेले. पुढं दोन दिवस आले ते दारातूनच पाहून परतले. मला वाटलं, यांनाही कारखान्यानं वळवून घेतलं. घरी हा माणूस भाकरी थापायला शिकत होता, हाताला चटके बसलेले होते, ते दाखवायची लाज वाटत होती, हे मला घरी गेल्यावर चुलीपाशी कळलं.

टोमणा

त्या कागदानंतर मी पक्कं धरलं की वत्सलाला सगळं ठाऊक आहे आणि ती त्यांना मिळालेली आहे. त्या संध्याकाळी तिनं पातोडीची भाजी आणली होती. मला आवडते म्हणून. तिनं घास उचलला आणि माझं तोंड सुटलं.

"वत्सला, तुह्या हातचं मले नको. तुमच्या पूजेपायी माहा हात गेला, आता तोंडात घास कोंबून मले गप्प करून राहिली का?"

वत्सलानं घास डब्यात परत ठेवला. तिनं "नाही" म्हटलं नाही. तेच मला जास्त लागलं. ती डबा खाली ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

भाजी म्हातारीनं खाल्ली. सकाळी मला म्हणते, "भाजी त चांगली होती वं. जहर असतं त मी रातीच गेली असती."

मी जिंकल्यासारखी पडून राहिले. पण भेटायच्या वेळी दाराकडं बघायची सवय लागली होती, ती गेली नाही. घास आता सिस्टर घाईघाईनं भरवायची, नाहीतर मी डाव्या हातानं सांडत खायची. आणि हळूहळू ध्यानात आलं की पिशवी लागली होती हे सांगणारं माझ्याशिवाय जगात एकच माणूस होतं, आणि त्याला मी आत्ताच हाकलून दिलं होतं. कारखान्यातल्या बाकीच्यांनी काही पाहिलं नव्हतं. आरतीला चाळीस माणसं उभी होती, चाळिसांचे डोळे मिटलेले. मिस्त्री मात्र सगळ्यांना सांगत होता, "देवाले मानत नाई, मशीनले हात जोडत नाई, मंग असंच होते." हे माझ्या कानावर आलं. आल्याशिवाय कसं राहील, सांगणारे हौसेनं सांगत होते.

टेबलावर

घरी आल्यावर महिनाभरानं चौकशीला बोलावलं. हात गळ्यात बांधलेला. तुझे मामा बरोबर आले, दाराशी थांबले नाहीत, आत येऊन माझ्या मागं उभे राहिले. टेबलापलीकडं मॅनेजर साहेब, बाजूला तोच कारकून, तोच कागद. माझी सही नव्हती तरी कागद तसाच होता.

साहेबांनी मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "खटक्यावर काही नव्हतं साहेब. हार होता फक्त."

खोटं नव्हतं बघ ते. त्यानं पाहिलं तेव्हा हारच होता.

मी सांगितलं, पिशवी होती. साहेब म्हणाले, "कोणी पाहिली?" माझ्या त्या गेलेल्या बोटांना नेमकी तेव्हाच खाज सुटली. नसलेलं बोट खाजवणार कुठं?

मग मशीनवरची दुसरी बाई म्हणून वत्सलाला आत बोलावलं. मी तिच्याकडं पाहिलं नाही. मला वाटलं, आता ही त्यांचं वाक्य पुरं करणार. तिनं पदराखालून काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. माझी हिरवी पिशवी. आत माझा डबा, घासून लख्ख केलेला.

"हे पिशवी मी काढली," ती म्हणाली. "खटक्यावरून. मालकाच्या आईनं हार देल्ला, म्हनल्या खटक्याले घाल. पिशवीवर हार कसा घालू? काढली. मागं कोन बसलं आहे ते पाहाले पाहिजे होतं, पाहिलं नाई. मंग मिस्त्रीनं खटका वर केला."

साहेब पुढं झुकले. "बाई, काय बोलून राहिली समजते का? हे तुह्यावर येईल."

"येऊ द्या न. पन हिनं चालू मशीनीत हात घातला म्हनता, ते खोटं आहे. मशीन बंद होती. पिशवी लागली होती."

कारकुनानं साहेबांकडं पाहिलं, साहेबांनी मिस्त्रीकडं, मिस्त्रीनं जमिनीकडं. मी वत्सलाकडं पाहिलं. सुनीता, माझा संशय खरा निघाला होता. पिशवी तिनंच काढली होती. पण तीन महिने मी जिच्यावर संशय घेत होते ती बाई आणि ही समोर उभी असलेली बाई, या काही एक नव्हत्या.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं. शेवटी एकदा, सरळ. "मंग इतके दिवस सांगितलं काहून नाई?"

"सांगायलेच येत होती रोज. तू तोंड उघडली की वाटे, आधी जेवून घेऊ दे. जेवून झालं की वाटे, आता झोपन, उद्या सांगू."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी तू विचारलंच नाई वं. टोमना मारला. टोमन्याले काय उत्तर देऊ?"

तुझे मामा मध्येच म्हणाले, "घरी चला दोघीही, चहा करतो." त्यांच्या हातचा चहा तिनं त्या दिवशी पहिल्यांदा प्यायला. वाईट होता.

नंतरचं

तू विचारशील, मामी, माफ केलंस का तिला? त्या दिवशी नाही. वर्षभर नाही. पोळी लाटताना लाटणं निसटलं की पहिली शिवी तिच्या नावानं निघायची. ती कधी समोर असली तर "दे अजून एक" म्हणायची. खोटं कशाला लिहू.

कागदावरचं ते वाक्य खोडलं गेलं. मला पॅकिंगला घेतलं. वत्सलाला आमच्या मशीनवरून काढून भट्टीवर टाकलं, दोन उन्हाळे ती तिथं भाजली. हे तिनं मला कधी ऐकवलं नाही. पुढच्या खंडेनवमीला बायांनी खटक्याशेजारी भिंतीत एक खिळा ठोकून घेतला. हार त्या खिळ्याला. खटक्याला फक्त पिशवी. मिस्त्री कुरकुरला, पण बाया ऐकेनात. त्या मिस्त्रीवर माझा आजही भरवसा नाही, तो आता रिटायर झाला तरी. आणि मिक्सर धुवायचा झाला की मी आधी वायर उपसून कमरेला खोचते. घरातले हसतात. हसू देत.

तुझ्या मैत्रिणीनं काय केलं ते मला ठाऊक नाही. तिनंच मशीन सुरू केली असेल, नसेलही. ती निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मी कोण म्हणणार? एवढंच म्हणते की कोणताही कागद वाचल्याशिवाय अंगठा देऊ नको, आणि तिला सरळ विचार. आतून निरोप पाठवू नको, सीताफळं वाटू नको, टोमणा तर मुळीच नको. विचार आणि तिच्या तोंडाकडं बघत थांब. जे उत्तर येईल ते वाईटही असेल. पण ते तुझ्याजवळ असेल.

आता पुरे झालं, बोटं दुखायला लागली, आहेत ती. रविवारी वत्सला येते माझ्याकडं. कणीक ती मळते, परात मी धरते, भांडण दोघी करतो. तू ये. या रविवारी नाही जमलं तर पुढच्या, पण त्याच्या पलीकडं लांबवू नको. उमरेडहून सकाळची बस धर. आणि तिलाही घेऊन ये, जिचं नाव तू सध्या घेत नाहीस. घर विसरली असशील तर गल्लीत विचारत बसू नको. दाराच्या कडीला हिरवी पिशवी लटकलेली दिसली की समज, मामी आत आहे. ती काढू नको, नुसती हाक मार.